सापडत नसलेली फाईल : आज्ञासंग्रहांच्या पाठभेदांविषयी

शाळेच्या विश्वस्त मंडळाने यंदाच्या स्मृतिव्याख्यानासाठी मला बोलावले तेव्हा मी प्राचीन मराठी वाङ्मयातील एखाद्या विषयावर बोलावे अशी मंडळाची अपेक्षा होती. आणि आयुष्यभर पोथ्यांचे पाठ जुळवीत बसलेल्या निवृत्त प्राध्यापकाकडून दुसरी कोणती अपेक्षा करावी? विषय कळविल्यावर कार्यवाहांचा दूरध्वनी आला. ‘मायक्रोकंट्रोलर’ हा शब्द लिहिण्याच्या ओघात चुकून तर पडला नाही ना, असे त्यांनी मोठ्या अदबीने विचारले. शब्द चुकून पडला नव्हता. ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या वर्गात चुकलेले गणित खोडण्याची मुभा नव्हती. चुकलेले तसेच ठेवायचे, शेजारी बरोबर मांडायचे आणि चूक नेमकी कोणत्या पायरीवर झाली ते समासात लिहायचे. गेल्या पावसाळ्यात याच शाळेच्या ग्रंथालयात घडलेल्या एका प्रसंगाने मला त्या समासाची आठवण झाली, आणि त्या प्रसंगाच्या मागे लागता लागता मी सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या एका अपरिचित इतिहासात शिरलो. त्या इतिहासाचे हे लेखी टिपण आहे.

शाळेच्या ग्रंथालयात जुन्या मराठी पुस्तकांची दोन लाकडी कपाटे आहेत. सूची करण्याच्या निमित्ताने मी आठवड्यातून दोन दिवस तेथे जातो. बडोद्याच्या श्रावणात त्या कपाटांचे दार उघडले की बुरशीचा वास येतो, आणि दर वर्षी दोन-चार पुस्तके हाताला चिकटण्याइतकी ओली होऊन कायमची जातात. नववीतील दोन मुलींनी हे पाहिले आणि विज्ञान प्रदर्शनासाठी एक यंत्र करण्याचे ठरविले. कपाटातील हवेची आर्द्रता मोजायची, ती वेळेसह दाखवायची आणि मर्यादेपलीकडे गेली की घंटा वाजवायची. आर्डुइनो उनो या नावाची निळी पट्टी, आर्द्रता मोजणारा डीएचटी-११, सोळा अक्षरांच्या दोन ओळी दाखविणारा एक छोटा पडदा आणि वेळ सांभाळणारी डीएस-१३०७ ही चकती, एवढी सामग्री त्यांनी जमविली होती. प्रोग्रॅम एका मुलीच्या चुलतभावाने २०११ च्या सुमारास केलेल्या अशाच यंत्राचा होता. त्याची सगळी फाईल-पेटी पेनड्राइव्हवर घालून तिने आणली होती. त्यात काही नवे भाग इकडून तिकडून आणून टाकले होते.

प्रदर्शनाला चार दिवस उरले असताना मी गेलो तर दोघी मुकाट्याने बसलेल्या. संगणकाच्या पडद्याच्या तळाशी काळ्या पट्टीवर नारिंगी अक्षरांचा खच पडला होता. “सर, आम्ही नाव मागे घेतोय,” मोठी म्हणाली. “आम्ही काहीतरी दुरुस्त करतो, की दुसरीच चूक निघते. आम्हांला हे येतच नाही.” दोन दिवस त्यांनी तारा काढल्या, पुन्हा जोडल्या, पट्टीही बदलून पाहिली होती. कोणीतरी त्यांना पट्टी जळाली असेल असे सांगितले होते.

मला विद्युत्‌शास्त्रातले काही कळत नाही. पण अनोळखी हस्तलिखित समोर आले की ज्या सवयीने मी वाचतो त्याच सवयीने मी ती नारिंगी अक्षरे वरून वाचू लागलो. मुली खालून वाचत होत्या, कारण शेवटची ओळ डोळ्यांसमोर असते. आणि शेवटच्या ओळीत ‘कार्य असफल’ एवढाच मतितार्थ असतो, त्यातून काहीही कळत नाही. पहिल्या ओळीत मात्र एका फाईलचे नाव होते, मग ओळीचा क्रमांक, मग अक्षराचा क्रमांक, आणि मग असे म्हटले होते की ‘डब्ल्यूप्रोग्रॅम.एच’ या नावाची फाईल किंवा पेटी अस्तित्वात नाही, सबब संकलन थांबविले आहे. ग्रंथ, ओवी, शब्द आणि मग आक्षेप. पाठचिकित्सेची टीप याहून निराळी नसते. तारांचा येथे काही संबंधच नव्हता. प्रोग्रॅम अजून पट्टीपर्यंत पोहोचलाच नव्हता.

आता हे ‘संकलन’ म्हणजे काय आणि त्यात दुसऱ्याची फाईल कोठून येते, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली एडसॅक नावाचा संगणक बांधला गेला आणि ६ मे १९४९ रोजी त्यावर पहिला प्रोग्रॅम चालला. सुमारे ३,००० निर्वात नळ्या आणि पाऱ्याने भरलेल्या लांब नळ्यांतील स्मृती, असे ते खोलीभर यंत्र होते. आरंभी त्याच्या स्मृतीत ५१२ शब्द मावत. आजच्या मापाने तो जेमतेम एक किलोबाइट भरतो. मुलींच्या हातातील पट्टीवरील चकतीत आकडे ठेवण्यासाठी दोन किलोबाइट आणि प्रोग्रॅमसाठी बत्तीस किलोबाइट जागा आहे. म्हणजे मायक्रोकंट्रोलरवर प्रोग्रॅम लिहिणारा विद्यार्थी आजही जवळजवळ एडसॅकच्याच घरात राहतो. घर तेवढे नखाएवढे झाले आहे.

त्या १९४९ च्या जूनमध्येच विल्क्स यांच्या लक्षात आले की आपल्या उरलेल्या आयुष्यातील बराचसा काळ स्वतःच्याच प्रोग्रॅममधील चुका शोधण्यात जाणार आहे. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी हा साक्षात्कार कोणत्या जिन्यावर झाला तेही सांगितले आहे. चुका टाळण्याचा एक मार्ग त्यांच्या गटाला दिसला, तो असा की एकदा तपासून शुद्ध केलेला आज्ञांचा तुकडा पुन्हा कोणी लिहूच नये. वर्गमूळ काढणे, भागाकार करणे, उत्तर छापणे ही कामे प्रत्येकालाच लागतात. तेव्हा अशा प्रत्येक कामाची एक छिद्रित कागदी फीत करावी, ती कपाटात क्रमवार ठेवावी, आणि ज्याला हवी त्याने तिची यंत्राने नक्कल करून आपल्या फितीत जोडावी. या कपाटालाच ते ‘लायब्ररी’ म्हणू लागले. त्यात विषयवारी होती : भागाकाराच्या तुकड्यांना एक अक्षर, छपाईच्या तुकड्यांना दुसरे, त्रिकोणमितीच्या तुकड्यांना तिसरे. १९५१ पर्यंत त्या कपाटात असे ८७ तुकडे जमले होते, आणि त्याच वर्षी विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल या तिघांनी त्यांवर पुस्तकही लिहिले.

बडोद्याच्या माणसाला या ठिकाणी थोडे थांबण्याची मोकळीक असावी. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला येथे आणले. त्याने तीन वर्षांत या संस्थानाला, पुस्तक नुसते असून भागत नाही, ते मागणाऱ्याला त्याच्या नावावरून आणि वर्गावरून सापडले पाहिजे, हे शिकविले. पेटीतून गावोगाव फिरणारी पुस्तके त्याच व्यवस्थेवर चालत. ज्या पुस्तकाचे नाव सूचीत एक आणि पाठीवर दुसरे, ते पुस्तक फळीवर असूनही नसल्यासारखे असते. ग्रंथपालांना हे जुने दुखणे माहीत आहे. केंब्रिजच्या कपाटाने नाव ग्रंथालयाचे घेतले, तेव्हा हे दुखणेही सोबत घेतले.

मे १९५२ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्ग येथे संगणकशास्त्रज्ञांची परिषद भरली. या परिषदेतील दोन निबंध मला फार महत्त्वाचे वाटतात. एक व्हीलर यांचा, या तुकड्यांच्या उपयोगावर. तुकडा वापरायला सोपा असावा, त्यातील गुंतागुंत वापरणाऱ्याच्या दृष्टीआड असावी, आणि त्याचे वर्णन अचूक असावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. शिवाय तुकडा लिहिण्यापेक्षा त्याचे वर्णन लिहिणेच पुष्कळदा अधिक कष्टाचे असते, अशी कबुलीही त्यात आहे. दुसरा निबंध ग्रेस हॉपर यांचा. त्यांनी युनिव्हॅक यंत्रासाठी असा एक प्रोग्रॅम रचला होता की केवळ क्रमांक सांगितले की तो फितीवरील संग्रहातून ते ते तुकडे स्वतः शोधून आणी आणि त्यांची एक जुळणी करून देई. हे काम निरनिराळ्या ठिकाणचे वेचे गोळा करून ग्रंथ सिद्ध करण्यासारखे आहे, म्हणून त्यांनी त्याला ‘कंपायलर’ म्हटले. आपण मराठीत ‘संकलक’ असा प्रतिशब्द योजतो तो योगायोगाने मूळ अर्थाला अधिक जवळचा आहे. कारण पुढे त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ भाषांतरकार असाच होऊन बसला. मुलींच्या पडद्यावर जो तक्रार करीत होता तो भाषांतरकार नव्हता. संग्रहातून तुकडा आणायला गेलेला आणि हात हलवीत परत आलेला तो संकलकच होता.

यापुढचा टप्पा भाषेचा आहे. बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सी ही भाषा घडविली. १९७२-७३ च्या सुमारास तिच्यात अशी सोय आली की प्रोग्रॅमच्या माथ्यावर ‘अमुक फाईल येथे समाविष्ट समजावी’ असे एका ओळीत लिहिले की संकलनापूर्वी ती फाईल तेथे अक्षरशः ओतली जाते. अशा फाईलमध्ये तुकड्याचा देह नसतो, त्याचा परिचय असतो : नाव काय, देणे काय, घेणे काय. नावाच्या शेवटी ‘एच’ हे अक्षर, म्हणजे ‘हेडर’, शीर्षभाग. व्हीलर ज्या वर्णनासाठी कष्ट करीत होते ते वर्णन आता माणसासाठी कागदावर आणि यंत्रासाठी या शीर्षफाईलमध्ये असे दोन ठिकाणी राहू लागले. यंत्र आपल्यापुरते वर्णन काटेकोर पाळते. माणसासाठीचे वर्णन मात्र, मुद्रित पुस्तकात असो की चुलतभावाच्या वहीत, आहे तेथेच राहते.

आता इटलीत जावयाचे आहे. ट्यूरिनजवळ इव्रिया नावाचे गाव आहे. ऑलिव्हेटी टंकलेखन यंत्रांचा कारखाना १९०८ मध्ये तेथेच निघाला. या गावातील एका अभिकल्पन संस्थेत एर्नान्दो बार्रागान हा कोलंबियाचा विद्यार्थी शिकत होता. चित्रकार, शिल्पकार अशा अभियंता नसलेल्या लोकांना मायक्रोकंट्रोलर हाताळता यावा म्हणून त्याने २००३ मध्ये ‘वायरिंग’ नावाची पट्टी आणि तिच्यासाठी सोप्या आज्ञांचा संग्रह तयार केला. मास्सिमो बांझी हे त्याचे एक मार्गदर्शक होते. २००५ मध्ये बांझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पायावर अधिक स्वस्त चकती वापरून दुसरी पट्टी काढली आणि गावातील एका मद्यगृहावरून तिचे नाव आर्डुइनो ठेवले. ते मद्यगृहही अकराव्या शतकाच्या आरंभी होऊन गेलेल्या इव्रियाच्या आर्डुइन राजाच्या नावाने चाले. नावे कशी प्रवास करतात पहा!

आर्डुइनोचा प्रसार झपाट्याने झाला तरी तिच्या मूळ आज्ञासंग्रहाची शीर्षफाईल कित्येक वर्षे ‘डब्ल्यूप्रोग्रॅम.एच’ याच नावाची होती. त्यातील ‘डब्ल्यू’ हे वायरिंगचे आद्याक्षर. जगभरच्या हौशी लोकांनी लिहिलेल्या शेकडो संग्रहांच्या माथ्यावर ते नाव होते. ३० नोव्हेंबर २०११ रोजी आर्डुइनोच्या प्रणालीची १.० ही आवृत्ती आली आणि या शीर्षफाईलचे नाव ‘आर्डुइनो.एच’ झाले. त्याच आवृत्तीत दोन तारांवरून बोलणाऱ्या उपकरणांसाठीच्या ‘सेंड’ आणि ‘रिसीव्ह’ या आज्ञा जाऊन ‘राइट’ आणि ‘रीड’ आल्या. अक्षर छापण्याच्या आज्ञेचा परतावाही बदलला. हे बदल अविचाराने केले असे मी म्हणणार नाही. १.० हा आकडा म्हणजे ‘यापुढे नावे स्थिर’ असे अभिवचन असते, आणि ते देण्यापूर्वी घर आवरणे रास्तच होय. परंतु आदल्या दिवसापर्यंत शुद्ध असलेले असंख्य संग्रह त्या दिवशी अशुद्ध ठरले, एकही अक्षर न बदलता. आणि वायरिंगचे म्हणून जे एक अक्षर प्रत्येक संग्रहाच्या माथ्यावर उरले होते तेही गेले. बार्रागान यांनी २०१६ मध्ये आपली बाजू सविस्तर लिहून प्रसिद्ध केली. पाठचिकित्सकाला मात्र त्याआधीच शंका यायला हवी होती : ज्या घराण्यात ‘डब्ल्यू’ने सुरू होणारे एकही नाव नाही, तेथे हे अक्षर कोणत्या पूर्वजाचे?

तेव्हा त्या संध्याकाळी मी मुलींना एवढेच सांगू शकलो की ही तुमची चूक नव्हे, ही एक तारीख आहे. तुमच्या दादाची फाईल त्या तारखेच्या आधीच्या वळणाची आहे आणि तुमचा संकलक नंतरचा आहे.

यावर धाकटीने लगेच युक्ती काढली. ‘डब्ल्यूप्रोग्रॅम.एच’ या नावाची एक कोरी फाईल करायची आणि तिच्यात ‘आर्डुइनो.एच समाविष्ट समजावी’ एवढी एकच ओळ घालायची, म्हणजे संकलकाला जुने नाव सापडेल. युक्ती चालते. पुष्कळ जण तशी करतातही. मला ती आवडली नाही. उद्या ही पेटी तिसऱ्याच्या हाती गेली तर ही बनावट फाईल कोणी आणि का घातली ते त्याला कळणार नाही. २०११ नंतर जाणत्या संग्रहकर्त्यांनी निराळा उपाय केला होता : प्रणालीचा आवृत्तिक्रमांक शंभर किंवा त्याहून अधिक असेल तर नवे नाव घ्यावे, अन्यथा जुने, अशी पाच ओळींची सशर्त नोंद माथ्यावर. दोन्ही पाठ डोळ्यांसमोर, आणि कोणता केव्हा ग्राह्य तेही लिहिलेले. आम्ही तसे केले.

संकलन पुन्हा सुरू केले आणि नवी तक्रार आली. मोठीचा चेहरा पडला. येथे एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. माझ्या मते अर्धे विद्यार्थी याच ठिकाणी धीर सोडतात. समाविष्ट करावयाची फाईल सापडली नाही तर संकलक तेथेच थांबतो. पुढे आणखी चार अडचणी असल्या तरी त्या त्याने पाहिलेल्याच नसतात. म्हणून नवी तक्रार दिसणे याचा अर्थ बिघाड वाढला असा नसून संकलक आधीच्या दारातून आत गेला असा आहे. मी मुलींना दोन्ही तक्रारींतील फाईलचे नाव आणि ओळीचा क्रमांक वहीत एकाखाली एक लिहायला लावले. नावे निराळी होती. “म्हणजे आपण पुढे गेलोय?” असे धाकटीने विचारले तेव्हा वातावरण जरा निवळले.

दुसरी तक्रार आर्द्रतामापकाच्या संग्रहातील होती. तोही ‘सेन्सर’ नावाच्या एका फाईलसाठी अडला होता. मुलींच्या प्रोग्रॅममध्ये या फाईलचा उल्लेख कोठेही नव्हता आणि म्हणून त्या गोंधळल्या होत्या. कारण असे की संग्रहाची पेटी घेतली की तिच्यातील सर्वच फाईली संकलित होतात, आपण वापरू अथवा न वापरू. या संग्रहाच्या कर्त्यांनी मागाहून अनेक मापकांसाठी एक सामाईक व्याख्या-संग्रह वेगळा काढला आणि मूळ संग्रहातील एक फाईल त्यावर विसंबू लागली. प्रणालीच्या आतूनच संग्रह मागविला असता तर तिने ‘याचा सोबतीही आणू का?’ असे विचारले असते. २०१५ पासून प्रणालीत ग्रंथपाल आहे आणि २०१९ पासून तो सोबत्याची चौकशीही करतो. पेनड्राइव्ह चौकशी करीत नाही. टीकाग्रंथ आणला, मूळ ग्रंथ घरीच राहिला. तो आणून पेटीत ठेवताच ही तक्रार मिटली.

तिसरी अधिक गमतीची. छोट्या पडद्याचा परिचय करून देणाऱ्या ओळीत दहा गोष्टी लिहिल्या होत्या आणि शेवटची होती ‘पॉझिटिव्ह’. हा शब्द मला ठाऊक नाही, असे संकलक म्हणत होता. या पडद्यासाठी एकाच नावाचे अनेक संग्रह प्रचलित आहेत. एकाला दहा गोष्टी सांगाव्या लागतात, दुसऱ्याला तीनच पुरतात : पत्ता, रुंदी, ओळी. एकात पडदा जागा करण्याची आज्ञा ‘बिगिन’, दुसऱ्यात ‘इनिट’. दादाचा प्रोग्रॅम एका संग्रहासाठी लिहिलेला, आणि संगणकावर असलेला संग्रह दुसरा; मुखपृष्ठ मात्र तेच. ज्यांनी ‘ज्ञानेश्वरी’च्या निरनिराळ्या प्रती शेजारी ठेवून पाहिल्या आहेत त्यांना हे नवे नाही. शके १२१२ मध्ये सांगितलेला ग्रंथ शके १५०६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षांत, इतक्या हातांतून गेला की एकनाथांना पाठशुद्धी हाती घ्यावी लागली, आणि यापुढे कोणी आपल्या पदरची भर घालू नये असे बजावावेही लागले. आज्ञासंग्रहांच्या जगात मात्र असे कोणी बजावू शकत नाही. उलट कोणीही प्रत घ्यावी, बदलावी आणि त्याच नावाने वाटावी ही तेथील रीतच आहे. या रीतीमुळेच बडोद्यातील नववीतल्या मुलीला इटलीतील आणि कोठकोठच्या अनोळखी माणसांचे श्रम फुकट मिळतात, म्हणून मी तिच्याविरुद्ध बोलणार नाही. मात्र नाव सारखे दिसले म्हणून ग्रंथ सारखा समजू नये, कर्ता आणि आवृत्ती पाहावी, हा नियम पोथ्यांपेक्षा येथे दसपट लागू आहे. एकाच नावाचे दोन संग्रह संगणकावर आढळले तर प्रणाली ‘हा वापरला, तो वापरला नाही’ अशी दोन ओळींची नोंद देते. ती कोणी वाचत नाही. आम्ही दहाच्या जागी तीन गोष्टी लिहिल्या आणि आज्ञेचे नाव बदलले.

चौथी तक्रार वेळेच्या चकतीच्या संग्रहातून आली आणि ती मुलींनी माझ्याआधी ओळखली. ‘सेंड’ नावाचा कोणी सदस्य येथे नाही, असे तिचे म्हणणे होते. “सर, २०११!” मोठी ओरडली. ‘सेंड’च्या जागी ‘राइट’ आणि ‘रिसीव्ह’च्या जागी ‘रीड’ त्यांनी स्वतः केले. याच बदलाशी निगडित एक किस्सा मला पुढे वाचनात आढळला. १.० या आवृत्तीच्या आरंभी ‘राइट’ या आज्ञेला केवळ शून्य दिले की संकलक अडे आणि अर्थ संदिग्ध आहे म्हणे. सी घराण्याच्या भाषांत शून्य ही संख्याही असते आणि ‘कोठेच नाही’ असा पत्ताही असतो. दोन्ही अर्थ घेणाऱ्या आज्ञा उपलब्ध असताना कोणता घ्यावा? पुढे ही अडचण दूर करण्यात आली. श्लेष अलंकार शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला संकलकाची ही प्रामाणिक असहायता फार जवळची वाटली.

हा सगळा जुना प्रकार झाला, आता सारे स्थिर आहे, असे मात्र कोणी समजू नये. जेसन मजकूर वाचणाऱ्या आर्डुइनोच्या एका प्रसिद्ध संग्रहाने पाचव्या आवृत्तीतून सहाव्यात जाताना मुख्य नावे बदलली, परंतु जुने नाव वापरणाऱ्याला ‘हे पाचव्या आवृत्तीतील नाव आहे, बदल कसा करावा ते अमुक ठिकाणी पहा’ असे स्वच्छ सांगणारी त्रुटी मुद्दाम लिहून ठेवली. घर बदलताना जुन्या दारावर नवा पत्ता लावून जावे तसे हे आहे. याउलट शांघायच्या कंपनीच्या ईएसपी-३२ या मायक्रोकंट्रोलरसाठीच्या मूळ संग्रहाची तिसरी आवृत्ती २०२४ मध्ये आली. दिव्याची प्रखरता कमीजास्त करणाऱ्या दोन आज्ञा तिच्यात काढून त्यांच्या जागी एकच ठेवली गेली, आणि छापील पुस्तकांतील कितीतरी प्रयोग एकाएकी ‘हे नाव येथे घोषित नाही’ या वाक्यावर येऊन थांबले. शिक्षकांनी पुस्तक लावताना त्याचे मुद्रणवर्षच नव्हे, तर त्यातील प्रयोग कोणत्या आवृत्तीवर केले आहेत तेही पाहावे, अशी माझी या निमित्ताने विनंती आहे.

त्या संध्याकाळी सहाच्या सुमारास नारिंगी अक्षरे आली नाहीत. पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी आल्या : प्रोग्रॅमने किती जागा घेतली आणि किती उरली. मुलींनी पट्टी कपाटात ठेवली. छोट्या पडद्यावर आकडा उमटला, ८१. आणि लगोलग घंटा वाजू लागली, कारण त्यांनी मर्यादा पासष्ट ठेवली होती. शिपाईकाका धावत आले. घंटा कशी बंद करायची याचा विचार दोघींपैकी कोणीच केला नव्हता, तेव्हा शेवटी तारच काढावी लागली.

प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले नाही. यंत्र मात्र पहिल्या कपाटात अजून आहे, आणि दुसऱ्यासाठी आठवीतील एक मुलगा तसेच करीत आहे. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मुलींनी वहीचे एक पान चिकटविले आहे. त्यावर चार तक्रारी शब्दशः उतरविल्या आहेत, शेजारी काय बदलले ते, आणि खाली प्रणालीची व प्रत्येक संग्रहाची आवृत्ती, कर्त्याचे नाव आणि दिनांक. समास डावीकडे दोन बोटे सोडलेला आहे.